वेशीच्या आत, वेशीच्या बाहेर : पाली साहित्य आणि नगराभ्यासाची साधने

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेल्या आपल्या निवासस्थानास 'राजगृह' हे नाव दिले. पुढे औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयास 'मिलिंद' आणि त्याच्या परिसरास 'नागसेनवन' ही नावे मिळाली. राजगृह ही मगधाची प्राचीन राजधानी. मिलिंद हा सागल नगराचा राजा, आणि 'मिलिंदपञ्ह' ह्या ग्रंथाचा आरंभच त्या सागल नगराच्या वर्णनाने होतो. ही नावे आपल्या नित्य बोलण्यात आहेत. परंतु त्या नावांमागे जी नगरे उभी होती ती कशी वसली, त्यांत किती माणसे राहत, कोणाची घरे तटाच्या आत होती आणि कोणाची बाहेर, ह्याची चौकशी आपल्याकडे फारशी झालेली नाही.

विहाराच्या अभ्यासवर्गात तरुण अभ्यासक आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. नगरे, लोकसंख्या आणि नगररचना ह्यांचा इतिहास अभ्यासावयाचा असेल तर पाली वाङ्मयाचा उपयोग होतो काय? आमचे उत्तर असे की, निश्चित होतो; मात्र प्रत्येक साधनास दोन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. हे नगर कोणी आखले, हा पहिला प्रश्न. आखणाऱ्याने कोणाला कोठे बसविले, हा दुसरा. प्रस्तुत लेखात आम्ही ह्या दोन प्रश्नांच्या आधाराने प्रमुख साधनांचा परिचय करून देणार आहोत.

गाम, निगम, नगर

अभ्यासाचा आरंभ शब्दांपासून करावा. पाली वाङ्मयात वस्तीला 'गाम', 'निगम', 'नगर' अशी निरनिराळी नावे आहेत. 'गाम' म्हणजे खेडे. पण दोन-चार घरांच्या वस्तीपासून मोठ्या गावापर्यंत सर्वांना तो शब्द लागतो. 'निगम' म्हणजे बाजारपेठेचे गाव. 'नगर' म्हणजे तटबंदीचे शहर. 'पुटभेदन' हा आणखी एक अर्थपूर्ण शब्द आहे. जेथे मालाची गाठोडी सोडली जातात ते ठिकाण, असा त्याचा अर्थ केला जातो. नरेंद्र वागळे ह्यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धकालीन समाजावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात ह्या शब्दांची बारकाईने छाननी केली आहे. ज्याला ह्या विषयात शिरावयाचे आहे त्याने तो ग्रंथ अवश्य वाचावा.

महापरिनिब्बानसुत्तातील एक प्रसंग येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. तथागत कुसिनारेस परिनिर्वाण पावणार, हे पाहून आनंद विनंती करतो की, ह्या लहानशा, आडवळणी, शाखानगरात आपण परिनिर्वाण पावू नये. चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी अशी महानगरे आहेत, तेथे आपले श्रद्धावान उपासक आहेत. येथे एका वाक्यात आपणांस त्या काळच्या सहा महानगरांची यादी मिळते आणि लहान नगर व मोठे नगर असा भेद लोकांच्या मनात स्पष्ट होता, हेही कळते. तथागतांनी दिलेले उत्तर असे की, हीच कुसिनारा एके काळी कुसावती नावाची बारा योजने लांब व सात योजने रुंद राजधानी होती. हे माप शब्दशः घ्यावयाचे नाही. नगरे वाढतात आणि ओसरतात, मोठेपण हा कोणत्याही नगराचा कायमचा गुण नव्हे, हे त्यातून सांगावयाचे आहे. १९८७ साली रामशरण शर्मा ह्यांनी प्राचीन भारतातील नगरांच्या ऱ्हासावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नगराच्या उदयाइतकाच त्याचा अस्तही अभ्यासाचा विषय आहे, हे भान त्या सुत्ताच्या संपादकांनाही होते.

नगर कसे आखीत

नगररचनेविषयी पाली वाङ्मयात स्वतंत्र शास्त्रग्रंथ नाही. जे आहे ते उपमांच्या रूपाने आहे. उपमा ऐकणाऱ्याच्या परिचयाची असावी लागते, म्हणून ती साधन म्हणून विश्वसनीय ठरते.

अंगुत्तर निकायातील नगरोपमसुत्तात सीमेवरच्या एका नगराच्या संरक्षणाची सात अंगे सांगितली आहेत : खोल रोवलेला द्वारस्तंभ, खोल व रुंद खंदक, तटाभोवतीचा उंच व रुंद फिरता मार्ग, शस्त्रसाठा, सैन्य, ओळखीच्यास आत घेणारा व अनोळख्यास अडविणारा शहाणा द्वारपाल, आणि लिंपलेला उंच, रुंद तट. ह्याखेरीज गवत, लाकूड व पाणी. तांदूळ व जव. तीळ, मूग, उडीद आदी धान्ये. तूप, तेल, मध, मीठ आदी औषधोपयोगी पदार्थ, असे चार प्रकारचे साठे सांगितले आहेत. तटामागे पाणी व धान्य नसेल तर तट निरुपयोगी आहे, हे नगररचनेचे मूलतत्त्व येथे धम्माच्या निमित्ताने आले आहे.

'मिलिंदपञ्हा'त नागसेन थेर 'नगरवड्ढकी'ची, म्हणजे नगर बांधणाऱ्या कारागिराची उपमा देतात. तो प्रथम सपाट, खाचखळग्यांविरहित, निर्धोक जागा शोधतो; खुंट व काटे काढून ती साफ करतो; मग तिचे भाग पाडून खंदक, तट, वेशी, चौक, समतल राजमार्ग, दुकानांच्या रांगा, उद्याने, तळी व विहिरी ह्यांसह नगर उभारतो आणि दुसऱ्या प्रदेशात निघून जातो. पुढे ते नगर भरभराटीस येते. तेव्हा नगराच्या मांडणीवरूनच लोक अनुमान करतात की, हे बांधणारा कुशल असला पाहिजे. तथागत आता दृष्टीस पडत नाहीत, तरी धम्मरूपी नगर पाहून त्यांचे अनुमान करता येते, असा नागसेनांचा युक्तिवाद आहे. इतिहासकाराची पद्धती तरी ह्याहून वेगळी कोठे आहे? आखणारा निघून गेलेला असतो. उरलेल्या भिंतींवरून व रस्त्यांवरून त्याचा हेतू ओळखावा लागतो.

प्रत्यक्ष नगर वसताना पाहावयाचे असेल तर पाटलिगामाकडे वळावे. वज्जींना थोपविण्यासाठी मगधाचे महामात्य सुनीध व वस्सकार तेथे तटबंदी उभारीत होते. तथागतांनी त्या गावाच्या भावी भरभराटीचे भाकीत केले आणि त्याबरोबरच तीन संकटे सांगितली : अग्नी, पाणी आणि आपसांतील फूट. गंगेच्या काठी लाकडी तटाने बांधल्या जाणाऱ्या नगरास पहिली दोन संकटे कशी येणार, हे सांगण्यास दिव्यदृष्टीची गरज नाही. मेगॅस्थिनिसाने पाहिलेला पाटलिपुत्राचा तट लाकडाचाच होता, आणि पाटण्याजवळ बुलंदीबाग येथे त्या लाकडी तटाचे अवशेष जमिनीखालून निघाले. कुम्हरार येथे स्पूनर ह्यांनी सर रतन टाटा ह्यांच्या देणगीतून १९१२-१३ मध्ये स्तंभयुक्त सभागृह उत्खनित केले, त्यात जळिताची राख मिळाली. पुढे १९५१ ते १९५५ ह्या काळात अनंत सदाशिव अळतेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे पुन्हा उत्खनन झाले. पाण्याविषयी सांगावयाचे तर १९७५ सालच्या पाटण्याच्या पुराची आठवण पुरेशी आहे. तिसरे संकट मात्र कुदळीने उकरून निघत नाही. ते शोधण्यासाठी नगरात कोण कोठे राहत होते हे पाहावे लागते. त्याकडे आम्ही लवकरच येणार आहोत.

माणसे किती?

प्राचीन लोकसंख्येबाबत आपल्या बांधवांकडून अनेकदा चूक होते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. धम्मपद-अठ्ठकथेत चक्षुपाल थेरांच्या कथेत म्हटले आहे की, श्रावस्तीत सात कोटी माणसे राहत आणि त्यांपैकी पाच कोटी आर्यश्रावक झाली होती. काही लेखक हा आकडा जशाचा तसा उचलतात. श्रावस्तीचा तटबंद भाग आज 'महेठ' ह्या नावाने ओळखला जातो. त्याचे क्षेत्र सुमारे ४०० एकर आहे. सात कोटी माणसे ४०० एकरांत बसविली तर एका एकरात पावणेदोन लाख, म्हणजे एका चौरस मीटरात त्रेचाळीस माणसे उभी करावी लागतील. हे अशक्य होय. उलट, एका एकरात शंभर ते दीडशे माणसे राहत असे घटकाभर मानले, तर तटाच्या आत चाळीस ते साठ हजार माणसे होतात. हा आमचा अंदाजही केवळ गणिताची रीत दाखविण्यापुरता आहे. कारण तटाच्या आत बागा व मोकळ्या जागा असत, तटाबाहेर वस्त्या असत आणि तट स्वतःच निरनिराळ्या काळांत बांधला व वाढविला गेलेला असतो. परंतु ह्या रीतीने विचार केल्यास 'कोटी' हा शब्द तेथे मोजणीचा नसून 'पुष्कळ' ह्या अर्थी आला आहे, हे उघड होते. विनयपिटकात वैशालीचे ७,७०७ प्रासाद, ७,७०७ कूटागार, ७,७०७ आराम आणि ७,७०७ पुष्करिणी सांगितल्या आहेत. हा आकडाही असाच समजावा.

ह्यात धम्मग्रंथाचा अवमान होत नाही. अठ्ठकथाकारास जनगणना करावयाची नव्हती. चिकित्सा करून स्वीकारावे, हे कालामांना सांगितलेले तत्त्व स्वतःच्या ग्रंथांना लावण्यास आपण कचरू नये.

मोजणीची खरी परंपरा अन्य साधनांत दिसते. मेगॅस्थिनिसाचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. स्ट्रॅबो, अरायन आदी नंतरच्या लेखकांच्या उताऱ्यांतून तो आपणांस मिळतो. त्यानुसार पाटलिपुत्र ८० स्टेडिया लांब व १५ स्टेडिया रुंद होते. स्टेडियम म्हणजे सुमारे १८५ मीटर धरल्यास ही लांबी पंधरा किलोमीटरांच्या जवळपास जाते. तटाला ५७० बुरूज व ६४ वेशी होत्या. नगराचा कारभार पाच-पाच जणांच्या सहा मंडळांकडे असे आणि त्यांतील तिसरे मंडळ जन्म व मृत्यू ह्यांची नोंद ठेवी. कौटिलीय अर्थशास्त्रात 'गोप' नावाचा अधिकारी दहा, वीस वा चाळीस कुटुंबांवर नेमलेला आहे. स्त्री-पुरुषांची जात, गोत्र, नाव, व्यवसाय आणि आय-व्यय ह्यांची माहिती त्याने ठेवावयाची. करवसुली व पाळत हे ह्या नोंदीचे हेतू आहेत. लोकसंख्येची नोंद कोण करतो व कशासाठी, हा प्रश्न त्या काळापासून चालत आलेला आहे.

वेशीबाहेर कोण?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात दुर्गनिवेश, म्हणजे तटबंद नगराची आखणी, सांगितली आहे. पूर्व-पश्चिम तीन व दक्षिणोत्तर तीन राजमार्ग, बारा वेशी, असा तो आराखडा आहे. रस्त्यांची ही मांडणी देऊन ग्रंथकार थांबत नाही. ब्राह्मणांस उत्तर दिशा, क्षत्रियांस पूर्व, वैश्यांस दक्षिण आणि शूद्रांस पश्चिम, अशी वर्णवार वाटणी तो करतो. आणि पाखंड व चांडाळ ह्यांचा निवास स्मशानाच्या कडेला असावा, असे सांगतो.

ह्या विधानावर आपल्या वाचकांनी थांबून विचार करावा अशी आमची विनंती आहे. 'पाखंड' म्हणजे वेदबाह्य संप्रदायांचे लोक. त्याच ग्रंथात अन्यत्र देवकार्यात वा पितृकार्यात शाक्य, आजीवक आदी प्रव्रजितांस जेवू घालणाऱ्यास शंभर पण दंड सांगितला आहे. म्हणजे ग्रंथकाराच्या डोळ्यांपुढे शाक्यपुत्रीय भिक्खू स्पष्टपणे होते. जन्मामुळे बाहेर ठेवलेला चांडाळ आणि मतामुळे बाहेर ठेवलेला पाखंड ह्या दोघांना एकाच वाक्यात, एकाच जागी, स्मशानाच्या कडेला बसविले आहे.

ह्याच्या शेजारी सम्राट अशोकाचा सातवा शिलालेख ठेवून पाहावा. सर्व पाखंडांनी सर्वत्र वास करावा, अशी इच्छा राजा प्रियदर्शी तेथे व्यक्त करतो, कारण संयम व भावशुद्धी सर्वांनाच हवी असते. 'पासंड' हा शब्द अशोकाच्या लेखांत निंदेचा नाही. त्याचा अर्थ केवळ संप्रदाय असा आहे. एक शब्द, दोन दस्तऐवज. एकात त्या शब्दाने ओळखले जाणारे लोक सर्वत्र राहावेत, दुसऱ्यात ते स्मशानापाशी राहावेत. अर्थशास्त्राचा काळ विवाद्य आहे. टॉमस ट्राउटमान ह्यांनी १९७१ साली शब्दगणनेच्या आधारे तो ग्रंथ एकाहून अधिक हातांचा असल्याचे दाखविले आणि अनेक विद्वान त्याचे आजचे रूप मौर्यांनंतरचे मानतात. म्हणून आजोबांच्या अमात्याचे धोरण नातवाने उलटविले, असे नाट्य रचण्याच्या मोहात आपण पडू नये. परंतु प्राचीन भारतात नगराच्या दोन कल्पना एकमेकींसमोर उभ्या होत्या, एवढे ह्या दोन साधनांवरून निःसंशय म्हणता येते.

जातकांची साक्षही येथे महत्त्वाची आहे. मातंगजातक व चित्तसंभूतजातक ह्या दोन कथांत चांडाळांची वस्ती नगराबाहेर आहे. उज्जयिनीच्या वेशीपाशी खेळ करणारे चित्त व संभूत हे दोघे भाऊ दृष्टीस पडले म्हणून दोन मुली सुगंधी पाण्याने डोळे धुतात आणि मेजवानी हुकलेले लोक त्या भावांना बडवतात. जातकांचा गद्य भाग गाथांहून बराच उत्तरकालीन आहे, म्हणून तो बुद्धकाळाचा थेट पुरावा म्हणून वापरू नये. तरीही ह्या कथा ज्यांनी जपल्या त्यांनी त्या मार खाणाऱ्यांच्या बाजूने सांगितल्या, आणि दोन्ही कथांतील चांडाळ बोधिसत्त्व आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

थेरगाथेतील सुनीत थेर तर नगरव्यवस्थेच्या केंद्राशीच उभे आहेत. कोमेजलेली फुले व केर काढणे हे त्यांचे काम, 'पुप्फछड्डक' हा त्यांचा व्यवसाय. मगधाच्या महानगरात भिक्खुसंघासह प्रवेश करणारे तथागत त्यांना दिसतात, ते कावड खाली ठेवतात आणि प्रव्रज्या मागतात. पाटलिगामाची तटबंदी उभारणाऱ्या महामात्याचेही नाव सुनीधच, जवळजवळ तेच. एक नगर बांधणारा, दुसरा ते झाडणारा. इतिहासग्रंथांत पहिल्याचे नाव नेहमी येते. थेरगाथेने दुसऱ्याची स्वतःची गाथा राखून ठेवली आहे.

पुढील शतकांची साक्ष चिनी यात्रेकरूंकडून मिळते. इ. स. ४०० च्या सुमारास आलेला फाहियान सांगतो की, चांडाळ वेगळे राहतात आणि नगरात वा बाजारात शिरताना लाकूड वाजवून आपली चाहूल देतात. सातव्या शतकात युआन च्वांग लिहितो की, खाटीक, कोळी, नट, वधिक व झाडूवाले ह्यांच्या घरांवर खूण असे व त्यांना नगराबाहेर राहावे लागे. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' ह्या ग्रंथात ह्या यात्रेकरूंची साक्ष तपासली. गावाबाहेर राहणारे 'ब्रोकन मेन' हे मूळचे पराभूत टोळ्यांतील विखुरलेले लोक होते, ते बौद्ध होते आणि ब्राह्मणांचा त्यांच्याविषयीचा तिरस्कार हे अस्पृश्यतेचे एक मूळ होय, असा त्यांचा सिद्धांत आहे. अस्पृश्यतेचा उगम त्यांनी इ. स. ४०० च्या सुमारास ठेवला आणि अशुद्ध मानलेले व अस्पृश्य मानलेले ह्यांत भेद केला. अर्थशास्त्रातील एका विधानाने हा सिद्धांत सिद्ध होतो, असे आम्ही म्हणत नाही. मात्र 'कोण कोठे राहतो' हा प्रश्न इतिहासाच्या मध्यभागी आणणे, हे त्यांचे मोठे पद्धतिशास्त्रीय योगदान आहे आणि नगररचनेच्या साधनांकडे त्या दृष्टीने पाहणे अजून पुष्कळसे बाकी आहे.

लेण्यांतील नगरवासी

वाङ्मयातील साधने दुसऱ्याने लिहिलेली असतात. नगरवासीयांनी स्वतः कोरविलेली साधने पाहावयाची असतील तर आपणांस दूर जावयास नको. कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांचे दानलेख म्हणजे एक प्रकारची नगरनोंदच होय. दात्याचे नाव, गाव व व्यवसाय त्यांत येतो. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचा सोनार आहे, कल्याणचा लोहार आहे, सोपाऱ्याचा मणिकार आहे. जुन्नरच्या लेखांत धान्यविक्यांची श्रेणी आहे; वेळूचे काम करणाऱ्या 'वंसकारां'ची व कांस्यकारांची श्रेणी आहे आणि तिच्याकडे दानाची रक्कम ठेव म्हणून सोपविली आहे. ज्या बुरूडकामास पुढे हीन लेखले गेले, त्या कारागिरांच्या श्रेणीवर लोक विश्वासाने पैसा ठेवीत होते.

नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख नगराच्या आर्थिक व्यवहाराचा उत्कृष्ट नमुना आहे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने कायम ठेवले. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणांचे चीवर, म्हणजे नेमके २४०. हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदविला गेला. निगम, श्रेणी, सभा, नोंद ह्या चार शब्दांत त्या नगराची संस्थात्मक चौकट उभी राहते. ल्यूडर्स ह्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेली ब्राह्मी लेखांची सूची घेऊन कोणीही चिकाटीचा अभ्यासक दात्यांची गावे व व्यवसाय ह्यांचा तक्ता मांडू शकेल. हे काम मराठी अभ्यासकाने करावे, कारण त्यातील बहुतेक गावे आजही त्याच्या ओळखीची आहेत.

विहारांची जागाही नगराच्या संदर्भातच ठरे. बिंबिसाराने वेळुवन निवडले ते गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, जाण्यायेण्यास सोयीचे, दिवसा गर्दी नाही, रात्री गलबला नाही, ह्या कसोटीवर. कसोटीत भिक्खूंचे ध्यान आहे तसेच लोकांचे येणे-जाणेही आहे. विहार नगराबाहेर असे, तो बाहेर टाकलेला नसे.

आपली नोंद

आता वर्तमानाकडे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात २,४८७ बौद्ध नोंदले गेले; १९६१ मध्ये २७,८९,५०१. मधल्या दहा वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास काय घडले हे ज्याला ठाऊक नाही त्याला ह्या आकड्यांचा अर्थ कळणार नाही. २०११ मध्ये देशात सुमारे ८४ लाख ४३ हजार बौद्ध होते व त्यांपैकी सुमारे ६५ लाख ३१ हजार महाराष्ट्रात. देशातील एकूण लोकसंख्येत नागरी भाग सुमारे ३१ टक्के, बौद्धांत मात्र सुमारे ४३ टक्के. खेड्याच्या जातिव्यवस्थेतून बाहेर पडण्यासाठी बाबासाहेबांनी शहराकडे बोट दाखविले होते आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयीच्या भाबड्या गौरवाचा त्यांनी कठोर समाचार घेतला होता. समाजाने ते ऐकले, असे हे आकडे सांगतात.

पण आकड्यांचीही चिकित्सा हवी. १९९० च्या दुरुस्तीपूर्वी बौद्ध म्हणून नोंद करणाऱ्यास अनुसूचित जातींत गणले जात नसे. म्हणून त्याआधीच्या व नंतरच्या जनगणनांतील आकड्यांची सरळ तुलना करणे चुकीचे ठरते. पुढील जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिनांक ठरला असून तीत जातीची नोंद होणार असे जाहीर झाले. गोपाच्या वहीपासून ह्या नोंदीपर्यंत प्रश्न एकच आहे : नोंद कोण करतो आणि आपण स्वतःस काय म्हणून नोंदवितो?

आणि शहरात आल्याने वेस ओलांडली गेली काय? त्रिना वितयाथिल व गायत्री सिंह ह्यांनी २०१२ साली सात मोठ्या महानगरांच्या २००१ च्या प्रभागनिहाय आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक स्तरांपेक्षा जातीनुसार होणारी वस्त्यांची विभागणी अधिक तीव्र आहे, असे त्यांना आढळले. शहराला आता तट नाही. दिशावार वाटणीचा नियम कोणत्याही विकास आराखड्यात लिहिलेला नाही. तरीही नाल्याच्या काठी, स्मशानाच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगाशेजारी कोणाची घरे आहेत, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. पाटलिगामाचे तिसरे संकट, आपसांतील फूट, ते हेच. तट पाडल्याने ते टळत नाही.

ह्यासाठी एक साधे काम आम्ही सुचवितो. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीची एक वही करावी. वस्ती कोणत्या साली बसली, पहिली कुटुंबे कोणत्या गावांहून आली, कोणत्या गिरणीत, रेल्वेत वा नगरपालिकेत ती कामास लागली. पाण्याचा नळ, गटार, शाळा, स्मशान किती अंतरावर होते व आज किती अंतरावर आहे. विहाराची जागा कशी मिळाली. जुने भूमापन नकाशे, गॅझेटियर, घरपट्टीच्या पावत्या आणि वृद्ध उपासक-उपासिकांच्या आठवणी ही त्याची साधने होत. ही पिढी गेली म्हणजे शेवटचे साधन कायमचे जाईल आणि पुनर्विकासात वस्ती हलली म्हणजे पहिलीही निरर्थक होतील. नावे व तारखा घालून केलेली अशी शंभर वह्यांची नोंद पुढील इतिहासकाराच्या हाती पडली, तर त्याला आपल्या नगराचा इतिहास केवळ महामात्यांच्या बाजूने लिहावा लागणार नाही.

संयुत्त निकायातील नगरसुत्तात अरण्यात फिरणाऱ्या एका माणसाला प्राचीन लोकांनी चाललेली जुनी वाट सापडते, तिच्या शेवटी एक जुने नगर सापडते. तो येऊन राजाला सांगतो आणि ते नगर पुन्हा वसविले जाते. तथागतांनी ही उपमा आपल्या शोधासाठी वापरली. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम त्यातील पहिल्या अर्ध्यापुरते आहे : वाट शोधणे आणि येऊन खरे सांगणे. नगर पुन्हा वसविण्याचे, आणि त्यात कोणालाही स्मशानाच्या कडेला न बसविण्याचे, काम सर्वांचे आहे.